कवितेवरून समकालीन शास्त्रीय रचना कशी बांधावी

कविता हाती आली की रचना करू पाहणारा माणूस बहुधा पहिला प्रश्न रागाचा विचारतो. ही कविता मारव्याची की यमनाची, पूरियाची की जोगची, असा विचार सुरू होतो आणि पेटीवर बोटे फिरू लागतात. माझ्या मते हा प्रश्न बराच नंतर यायला हवा. त्याआधी कवितेचा काळ पकडला पाहिजे, म्हणजे ती किती मात्रांनी चालते, कुठे श्वास घेते, कुठे थबकते आणि कोणत्या शब्दानंतर तिला काही बोलावेसे वाटत नाही, हे नेमके कळले पाहिजे. हे कळल्यावर ताल जवळजवळ आपोआप ठरतो, रागाचे पर्याय दोन-तीनवर येतात आणि कोणते वाद्य कुठे बोलेल याचाही अंदाज येऊ लागतो. भावावरून सुरुवात केली तर कवितेला छान चाल लागते, परंतु ती चाल दुसऱ्या एखाद्या कवितेलाही तितकीच शोभून दिसते.

येथे ‘समकालीन शास्त्रीय रचना’ म्हणताना भावगीत किंवा नाट्यपद अभिप्रेत नाही. भावगीतात कडवी असतात, प्रत्येक कडव्याला तीच किंवा थोडी बदललेली चाल असते आणि वाद्ये शब्दांच्या सेवेला असतात. शास्त्रीय रचनेत कविता हा आराखडा असतो. तिचे शब्द पूर्ण गायले जातील, अर्धे गायले जातील किंवा मुळीच गायले जाणार नाहीत. क्लोद देब्युसी या फ्रेंच रचनाकाराने १८९४ साली स्तेफान मालार्मे यांच्या एका दीर्घ कवितेवरून वाद्यवृंदासाठी सुमारे दहा मिनिटांची रचना केली, तिच्यात एकही शब्द गायला जात नाही, आणि तरीही कवितेच्या ११० ओळी आणि रचनेचे ११० बार (पाश्चात्त्य स्वरलेखनातले तालखंड) यांचा मेळ जुळतो. ‘कवितेचा काळ’ म्हणताना मला असेच काहीसे म्हणायचे आहे.

ज्या बेळगावात इंदिरा संत यांचे आयुष्य गेले, आणि ज्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले, त्या भागात असे काम करणाऱ्याला एक सोय आहे. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, बेळगाव या पट्ट्यात मराठी कविता वाचणारा माणूस कन्नड वचने (शिवशरणांची गद्यासारखी भक्तिपर पदे) कानावर घेतच वाढतो, आणि धारवाड-हुबळीची किराणा-जयपूर गायकी त्याला परकी नसते. या दोन्ही कानांचा उपयोग कसा करायचा ते पुढे येईलच.

कवितेची निवड

सुरुवातीला आठ ते सोळा ओळींची कविता घ्यावी. लांब कविता रचनाकाराला कथा सांगायला लावते आणि कथा सांगू लागलेले संगीत लवकर थकते. जिची चाल लोकांच्या ओठांवर आहे ती कविता टाळावी, कारण श्रोता आपली रचना ऐकत नाही, त्या चालीपासूनचे तिचे अंतर मोजत बसतो. कवितेत एखादी तरी गोष्ट न सांगितलेली असावी. सर्व काही स्पष्ट सांगून मोकळी झालेली कविता वाचायला कितीही उत्तम असली तरी संगीताला तिच्यात जागा उरत नाही.

कविता निवडल्यावर ती मोठ्याने वाचावी आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी. मग तीच कविता आणखी दोघांकडून वाचून घ्यावी. त्यांपैकी एकाची बोलण्याची भाषा बेळगावी किंवा खानापुरी मराठी असावी, आणि दुसऱ्याची पहिली भाषा शक्यतो कन्नड असावी. ‘काय करालास’, ‘येतंय की’ असे सहज बोलणारा माणूस ओळीच्या शेवटावर जो हेल काढतो तो पुण्या-मुंबईच्या वाचनात सापडत नाही. वाक्याच्या शेवटच्या ‘की’वर आवाज किंचित वर जाऊन टेकतो, आणि तोच हेल कळत-नकळत कवितेच्या ओळीलाही लागतो. कन्नडभाषक वाचणारा ऱ्हस्व-दीर्घ जपून उच्चारतो, त्यामुळे आपण बोलताना गिळून टाकलेल्या मात्रा त्याच्या वाचनात परत ऐकू येतात. ही तीन वाचने शेजारी ठेवून कुठे कुठे एकसारखा विराम आला ते कागदावर नोंदवावे. तिघांनाही जिथे थांबावेसे वाटले ती जागा कवितेची स्वतःची आहे असे समजावे.

मात्रा मोजणे

आता लघु-गुरू लावण्याचे काम. शाळेत हे परीक्षेपुरते शिकवले जाते आणि पुढे कोणी त्याचे नाव काढत नाही, परंतु रचनाकाराच्या हातात याहून नेमके दुसरे साधन नाही. उदाहरणासाठी, कोणाच्या कवितेला हात लावण्यापेक्षा, मीच रचलेल्या दोन ओळी घेतो. घटप्रभेवर हिडकलला धरण झाले आणि पाण्याखाली गावे गेली, एवढाच त्यांचा संदर्भ आहे.

नदीला कळेना कुठे गाव गेला
जळाच्या तळाशी कुणी दीप नेला

हे भुजंगप्रयात वृत्त आहे. ‘मनाचे श्लोक’ याच वृत्तात असल्यामुळे त्याची चाल बहुतेकांच्या कानात लहानपणापासून असते. लघु, गुरू, गुरू असा पाच मात्रांचा गट प्रत्येक ओळीत चार वेळा येतो आणि ओळ वीस मात्रांची होते. पाचच्या पटीतली ओळ म्हटली की झपताल समोर येतो, कारण त्याचे आवर्तन दहा मात्रांचे आहे आणि विभाग दोन-तीन-दोन-तीन असे आहेत. दोन आवर्तनांत एक ओळ नेमकी बसते. परंतु ‘न’ समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, ठेवून सुरुवात केली तर ओळ अडखळते. लघु-गुरू-गुरू म्हणजे एक-दोन-दोन, आणि तालाचे विभाग दोन-तीन, त्यामुळे ‘दी’ हे दीर्घ अक्षर दोन विभागांच्या सीमेवर ताणले जाऊन मधोमध कापले जाते.

उपाय सोपा आहे. पहिला लघु समेच्या आधी, म्हणजे दहाव्या मात्रेवर उचलायचा. ‘न’ दहाव्या मात्रेवर, ‘दी’ समेवर पहिल्या-दुसऱ्या मात्रेत, ‘ला’ तिसऱ्या-चौथ्या मात्रेत, ‘क’ पाचव्या मात्रेवर, ‘ळे’ सहाव्या-सातव्या मात्रेत, ‘ना’ आठव्या-नवव्या मात्रेत. मग पुन्हा ‘कु’ दहावीवर आणि ‘ठे’ समेवर. आता विभाग आणि अक्षरे यांच्या कडा तंतोतंत जुळतात. यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. झपतालाची खाली (टाळी न देता मोजायची जागा) सहाव्या मात्रेवर असते, तिथे डग्ग्याचा घुमारा बंद होतो आणि ठेक्यात ‘ती ना’ एवढेच उरते. दुसऱ्या आवर्तनात त्या खालीवर ‘गेला’ या शब्दाचे ‘गे’ येते. गाव नाहीसा झाल्याचे सांगणारा शब्द तालातून खर्ज निघून गेल्याच्या क्षणी पडतो, आणि त्यासाठी रचनाकाराने काहीही केलेले नसते. ते वृत्तात आधीच होते, आपण फक्त मोजले. दुसऱ्या ओळीत त्याच जागी ‘नेला’ येते.

आणखी एक बारीक गोष्ट. बोलताना आपण ‘गाव’मधला ‘व’ अर्धा उच्चारतो, वृत्तात मात्र तो पूर्ण लघु आहे आणि त्याला पाचवी मात्रा स्वतःची मिळते. गाणाऱ्याने तो गिळला तर पाचव्या मात्रेवर खड्डा पडतो, फार ठासून म्हटला तर शब्द कृत्रिम वाटतो. हलक्या आवाजात, पुढच्या ‘गे’कडे झुकवून तो म्हणावा, आणि तसे स्वरलेखनात लिहून ठेवावे, कारण तालमीत तोंडी सांगितलेली गोष्ट कार्यक्रमाच्या दिवशी निम्मी विसरली जाते.

या जुळणीत एक अडचणही आहे. ओळ नवव्या मात्रेवर संपते आणि पुढच्या ओळीचा लघु लगेच दहाव्या मात्रेवर येतो, त्यामुळे गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा नाही. पठणात हे चालते, ख्यालाच्या अंगाने गाताना चालत नाही. म्हणून दोन ओळींमध्ये एक किंवा दोन आवर्तने मोकळी सोडावीत आणि त्यांत नुसता ठेका वाजू द्यावा. ही मोकळी आवर्तने व्हायोलिनने किंवा बासरीने भरून टाकण्याचा मोह होतो, तो निदान पहिल्या खेपेला टाळावा.

इतर वृत्तांचे थोडक्यात सांगतो. सोळा मात्रांचे पादाकुलक त्रितालात सहज बसते, इतके सहज की बेसावध रचनाकाराच्या हातून ते लगेच भावगीत होऊन जाते, तेव्हा तिथे मुखडा (समेकडे नेणारी सुरुवातीची सुरावट) नवव्या किंवा सातव्या मात्रेवरून उचलून पाहावा. शार्दूलविक्रीडिताची ओळ तीस मात्रांची, यतीने (ओळीतल्या ठरलेल्या विरामाने) अठरा आणि बारा अशी विभागलेली, म्हणजे झपतालाची तीन आवर्तने, परंतु यती आवर्तनाच्या मध्ये पडते आणि तो ताण चांगला वाटतो. मंदाक्रांता मात्र वेगळे प्रकरण आहे. चार, सहा आणि सात अक्षरांवर यती घेतली की आठ, सात आणि बारा अशा मात्रा होतात, एकूण सत्तावीस. ती कोणत्याही रूढ तालात कोंबू नये. आठ मात्रांचा केरवा, सात मात्रांचा रूपक आणि बारा मात्रांचा एकताल हे तिन्ही तबलजीच्या हातात असतातच, त्यांच्या वजनाने सत्तावीस मात्रांचे एक आवर्तन बांधता येते. पहिल्या आठ मात्रांत सगळी गुरू अक्षरे, नंतर सलग पाच लघु, मग डोलत जाणारा लांब शेवट, असा या वृत्ताचा स्वभाव तबल्यावरच ऐकवता येतो, शब्द नंतर आले तरी चालतात.

अभंग आणि ओवी हे अक्षरछंद असल्याने तिथे मोजणी अक्षरांची असते. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी बावीस अक्षरे येतात. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात सहा अक्षरे बसवताना त्यांपैकी दोन लांबतात आणि शेवटची चार अक्षरे प्रत्येकी दोन मात्रांची होतात, म्हणजे अभंगाचा चरण शेवटाकडे आपोआप मंद होतो. खानापूर तालुक्यातल्या गावांत वयस्क बायकांकडून जात्यावरची ओवी ऐकायला मिळाली तर तिचा शेवटचा अपुरा चरण नीट ऐकावा. साडेतीन चरणांचा तो घाट वाद्यरचनेसाठी फार उपयोगी आहे. त्रितालाचे तीन विभाग स्वरांनी भरायचे, चौथा अर्ध्यावर सोडून द्यायचा, आणि असे दहा-बारा आवर्तने करीत राहायचे. स्वरांचा पल्ला तीन-चार स्वरांपलीकडे नेऊ नये.

मुक्तछंदात मोजायला काहीच नसते असा समज आहे. तिथे विराम मोजायचे असतात. समजा ओळी अशा आहेत:

बस गेली.
फाट्यावर मी,
पिशवीतला पाव अजून गरम.

‘बस गेली’ म्हणायला जितका वेळ लागतो त्याहून जास्त वेळ पूर्णविरामावर जातो, आणि तिसरी ओळ एका श्वासात सांगून टाकली जाते. येथे ताल लावू नये. पखवाजाचा एकच थाप किंवा टाळेचा एकच ठोका ओळीच्या शेवटी द्यावा, आणि दोन ठोक्यांमधले अंतर तीन वाचनांच्या ध्वनिमुद्रणांवरून सेकंदांत मोजून स्वरलेखनाच्या वर लिहावे. धारवाडच्या परंपरेत मल्लिकार्जुन मन्सूर यांनी वचने ज्या तऱ्हेने गायली, ती गद्याच्या लयीला रागात मोकळे कसे ठेवावे याचा धडा आहे. मराठी मुक्तछंदावर काम करणाऱ्याने ती ध्वनिमुद्रणे, कन्नड येत नसले तरी, चालीसाठी नव्हे तर विरामांसाठी ऐकावीत.

मुखडा कुठे

मराठी कवितेत यमक ओळीच्या शेवटी येते, तर जुन्या कन्नड पद्यात प्रत्येक चरणाच्या दुसऱ्या अक्षराचे व्यंजन जुळवतात, त्याला आदिप्रास किंवा द्वितीयाक्षर प्रास म्हणतात. रचनाकारासाठी याचा परिणाम मोठा आहे. मराठी ओळ शेवटाकडे धावते, म्हणून तिचा न्यास (टेकण्याची जागा) महत्त्वाचा. कन्नड चरण सुरुवातीलाच कानाला पकडतो, म्हणून त्याची उचल महत्त्वाची. मराठी कविता बांधताना सगळे लक्ष ‘गेला’, ‘नेला’ या शेवटांवर जाते आणि मुखडा पडका राहतो. सीमाभागातल्या रचनाकाराला दोन्ही भाषा येत असतील तर त्याने मराठी ओळीचे दुसरे अक्षर कोणते आहे आणि ते समेला कसे भिडते हे मुद्दाम पाहावे. वरच्या दोन ओळींत समेवर आधी ‘दी’ आणि पुढच्या ओळीत ‘ळा’ येतात, दोन्ही दुसरी अक्षरे, दोन्ही गुरू. प्रास नाही, पण वजन एक आहे, आणि तेवढे पुरते. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांच्यासारखा घरात मराठी बोलणारा आणि कन्नडात लिहून १९७३ चे ज्ञानपीठ मिळवणारा कवी याच पट्ट्यात झाला, तेव्हा दोन भाषांचे पद्य एकाच कानात नांदू शकते याला वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

आता राग

एवढे झाल्यावर रागाकडे वळावे, आणि वेळ किंवा ऋतू यांच्या तक्त्याकडे न पाहता रागाची रचना पाहावी. नाहीसे झालेले गाव म्हणजे घराचा पत्ताच हरवणे, आणि मारव्यात षड्ज हे घर असूनही त्याला सतत टाळले जाते. कोमल ऋषभ आणि धैवत यांच्यामध्ये राग फिरत राहतो, पंचम वर्ज्य आहे, आणि षड्जावर येण्याची इच्छा सारखी लांबणीवर पडते. म्हणून या दोन ओळींसाठी मी मारवा घेईन. त्याची संध्याकाळ मला येथे गौण वाटते. तानपुऱ्याची पंचमाची तार अर्थातच निषादावर मिळवावी लागेल.

पहिली ओळ अशी बांधता येईल. ‘न’ मंद्र निषादावर, ‘दी’ कोमल ऋषभावर, ‘ला’ गंधारावर, ‘क’ तीव्र मध्यमावर, ‘ळेना’ धैवतावर स्थिर. ‘कु’ पुन्हा तीव्र मध्यमावर आणि ‘ठे’ समेवर धैवतावर, म्हणजे प्रश्न सर्वांत उंच जागी. मग ‘गा’ मध्यमावरून गंधाराकडे मींडेने (न तुटता घसरत), ‘व’ गंधारावर, आणि ‘गेला’ कोमल ऋषभावर येऊन तिथेच राहते. षड्ज एका पायरीवर आहे, परंतु गाणारा तिथे जात नाही, षड्ज फक्त तानपुऱ्यात ऐकू येतो.

दुसऱ्या ओळीत ‘तळाशी’ आहे, आणि इथे शब्दाबरोबर स्वर खाली नेण्याचा मोह जवळजवळ अनावर होतो. एखाद्या रचनेत असे एक शब्दचित्र शोभते, दोन झाली की ती नक्कल वाटू लागते. मी येथे आवाज धैवतापर्यंत वर नेईन आणि त्याच क्षणी व्हायोलिनला मंद्र धैवतावर उतरवीन. तळ ऐकू येतो, पण तो गाणाऱ्याच्या गळ्यात नसतो. पुढे ‘कुणी’चा ‘णी’ समेवर तार सप्तकातल्या कोमल ऋषभावर, तिथून ‘दीप ने’ या अक्षरांवर निषाद, धैवत, मध्यम, गंधार, ऋषभ असे उतरत ‘ला’ मध्य षड्जावर. संपूर्ण रचनेत गळ्यातून आलेला हा पहिला षड्ज असेल, आणि तो समेवर नसून आठव्या मात्रेवर आहे, याची श्रोत्याला जाणीव झाली नाही तरी त्याच्या अंगाला ती होते.

कवितेचा बोलणारा मध्येच बदलत असेल, किंवा आठवणीतून वर्तमानात उडी असेल, तर दोन राग जोडण्यापेक्षा मूर्च्छना वापरून पाहावी. भूपाचा गंधार षड्ज मानला की मालकंस मिळतो, ऋषभ मानला की मधमाद सारंगाचे स्वर, पंचम मानला की दुर्गा आणि धैवत मानला की धानी. स्वर तेच, फक्त घर बदलते. परंतु तानपुरा तोच वाजत राहिला तर कान जुन्या षड्जालाच धरून राहतो, म्हणून नव्या षड्जाचा दुसरा तानपुरा तयार ठेवून पहिला हळूहळू बंद करावा, किंवा दोन्ही काही क्षण एकत्र वाजू द्यावेत. हे काम इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर सोपे जाते, पण मिरजेचे दोन तानपुरे मिळत असतील तर दोघांच्या जव्हारीतला (तारेच्या झंकारातला) फरकही रचनेचा भाग होतो.

वाद्ये, लांबी आणि लेखन

पहिल्या रचनेला आवाज, व्हायोलिन, पेटी आणि तबला एवढे पुरे. पेटीवर मींड येत नाही, आणि मारव्याचा ऋषभ पेटीच्या पट्टीपेक्षा गळ्यात वेगळा लागतो, म्हणून तिला सुरावट देऊ नये. तिने धैवत किंवा गंधार धरून ठेवावा आणि मधून मधून सोडून द्यावा. पेटी थांबल्यावर जी पोकळी ऐकू येते ती वाजल्यापेक्षा उपयोगी ठरते. टाळ, संबळ, हलगी या वाद्यांचा मोह सीमाभागात स्वाभाविक आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या उपासनेतले चौंडके हे तारेचे तालवाद्य मात्र केवळ वेगळा आवाज म्हणून आणू नये. ते वाजवणाऱ्यांचे वादन आणि त्यांची पद्धत समजून, त्यांना रचनेत माणूस म्हणून बोलावून, मगच ते वाद्य घ्यावे, अन्यथा त्याचा वरखाली होणारा स्वर तबल्याच्या डग्ग्यावरही थोडाफार काढता येतो.

लांबीचा हिशेब आधी मांडावा. मिनिटाला साठ मात्रांची लय ठेवली तर झपतालाचे आवर्तन दहा सेकंदांचे आणि वरची एक ओळ वीस सेकंदांची होते. दोन्ही ओळी तीनदा गायल्या तर बारा आवर्तने, म्हणजे दोन मिनिटे. नऊ मिनिटांच्या रचनेत सात मिनिटे शब्दांविना उरतात आणि खरे काम त्या सात मिनिटांत आहे. त्यांतला काही भाग लिहिलेला असावा आणि काही भाग कलाकारावर सोपवावा, मात्र सोपवताना ‘येथे आलाप’ एवढेच लिहून मोकळे होऊ नये. कोणत्या स्वरापर्यंत जायचे, किती आवर्तनांत परतायचे, कोणता स्वर मुळीच घ्यायचा नाही, हे लिहावे. ‘मध्य षड्ज वर्ज्य, सहा आवर्तने, शेवट कोमल ऋषभावर’ अशी सूचना चांगल्या व्हायोलिनवादकाला बांधत नाही, उलट कामाला लावते. तिहाई (तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणे) टाळलेली बरी, कारण ती टाळ्या मागते आणि या कवितेला टाळ्या नको आहेत.

लेखनासाठी भातखंडे पद्धत पुरते. अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, वर उभी रेघ म्हणजे तीव्र, बिंदू खाली मंद्रासाठी आणि वर तारासाठी, समेला फुली आणि खालीला शून्य. गोव्यातून एखादा चेलो किंवा व्हायोलिन वाजवणारा येणार असेल तर त्याच्यासाठी स्टाफ नोटेशनही (पाच रेघांवरचे पाश्चात्त्य स्वरलेखन) करावे, ‘म्यूजस्कोअर’सारख्या मोफत प्रणालीत ते घरी करता येते. तसे असेल तर पट्टी ठरवताना त्यालाही विचारावे. गायिकेला काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) सोयीची असते, परंतु मोकळ्या तारांवर वाढलेल्या पाश्चात्त्य व्हायोलिनवादकाला ती फार गैरसोयीची पडते, आणि अर्ध्या स्वराची तडजोड दोघांनाही मान्य होऊ शकते.

पहिल्या तालमीत सुरावट मुळीच काढू नये. तबलजीने ठेका धरावा आणि सर्वांनी, वादकांनीही, कविता त्या ठेक्यावर म्हणावी. पेटीवाला ‘गेला’ खालीवर म्हणू लागला की त्याला तिथे वाजवू नये हे सांगावे लागत नाही. तालमी जून ते सप्टेंबरमध्ये असतील तर बेळगाव-खानापूरच्या ओलीत चामडे सैल पडते हे धरून चालावे. तबल्याची पट्टी पंधरा मिनिटांत उतरते, म्हणून मधल्या विश्रांतीतही वाद्ये मिळवण्याचा वेळ आखून ठेवावा, आणि पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत हळुवार जागा बसवण्याचा आग्रह धरू नये.

परवानगीचे काम शेवटावर टाकू नये. भारतात कवीच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे लेखनाचा हक्क वारसांकडे किंवा ज्यांना तो दिला असेल त्यांच्याकडे राहतो. १९१८ साली गेलेल्या बालकवींच्या कवितेला हात लावायला अडचण नाही, तर २००० साली गेलेल्या इंदिरा संत यांच्या कवितांवर हा हक्क २०६० अखेरपर्यंत आहे. शब्द गाणार असाल, छापणार असाल किंवा ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करणार असाल, तर लेखी परवानगी आधी घ्यावी, आणि पत्रात किती ओळी, कोणत्या क्रमाने आणि किती वेळा गायल्या जातील हेही कळवावे. ओळी वगळल्या जाणार असतील तर ते लपवू नये, काही वारस त्यालाच नकार देतात आणि तो नकार रास्त असतो.

सभागृहात मराठी आणि कन्नड असे दोन्ही श्रोते असतील, बेळगावात ते असतातच, तर कविता रचनेपूर्वी एकदाच, कोणत्याही पार्श्वसंगीताशिवाय वाचावी, आणि कन्नड अनुवाद छापील पत्रकात द्यावा. वाचन त्याच बेळगावी मराठी हेलात करावे ज्या हेलावरून विराम ठरवले होते. नाटकी आवाजात वाचणाऱ्या निवेदकाला हे काम देऊ नये, कारण त्याने चुकीच्या शब्दावर जोर दिला की पुढची नऊ मिनिटे श्रोता तोच शब्द शोधत राहतो.